तेल पोचले, डबा राहिला: १८९२ च्या रॉकेलचे प्रकरण

टाक्या काठोकाठ भरलेल्या, भाव अमेरिकी मालाला मागे टाकणारा, दिवे लावणारी घरे वर्षागणिक वाढती. तरीही माल उठेना. पूर्वेकडच्या बंदरांतून असे निरोप लंडनला येऊ लागले, तेव्हा मार्कस सॅम्युअल या व्यापाऱ्याची पत आणि पैसा दोन्ही या एका धंद्यात अडकलेले होते. रशियन साम्राज्यातल्या बाकूचे रॉकेल सिंगापूर-बँकॉकपर्यंत सुटे, म्हणजे बोटीच्या पोटात ओतून, आणायचा प्रश्न त्यांनी सोडवला होता. बंदरातल्या टाकीपासून घरातल्या दिव्यापर्यंत ते कशातून जाणार, हा प्रश्न मात्र त्यांनी गिऱ्हाइकावर सोपवला होता, आणि गिऱ्हाइकाने तो घ्यायला नकार दिला.

सॅम्युअल यांनी पुढे काढलेल्या शेल कंपनीच्या जन्मकथेत हा प्रसंग एक मजेदार किस्सा म्हणून येतो. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या निळ्या डब्यांवर सॅम्युअल यांच्या लाल डब्यांनी कशी मात केली, असा. मला त्यातला रंग सर्वात कमी महत्त्वाचा वाटतो. खरे प्रकरण आहे ते डब्याच्या हिशेबाचे: तो कोण बनवतो, कुठे बनवतो, आणि रिकामा झाल्यावर तो कोणाचा.

न्यूयॉर्कहून येणारा डबा

सॅम्युअल यांच्या आधी आशियात दिव्याचे तेल म्हणजे मुख्यतः स्टँडर्ड ऑइलचे तेल. ते येई कथलाचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांत. एका डब्यात ५ अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. साधारण सव्वानऊ इंचांचा चौरस तळ आणि साडेतेरा-चौदा इंच उंची. गोल पिंपे रचली की मधे पोकळी उरते. हे चौकोनी डबे खोक्यात आणि खोकी बोटीच्या तळघरात भिंतीला भिंत लावून बसत. 'डेव्हो' छापाचे डबे तर इतके पसरले होते की बऱ्याच ठिकाणी रॉकेल त्याच नावाने ओळखले जाई.

रॉकेल पाण्याहून हलके. भरलेल्या डब्यात तेल १५ किलोच्या आसपास, वर किलोभर पत्रा. एक माणूस डोक्यावर उचलेल, दोन डबे कावडीच्या दोन टोकांना बांधून दिवसभर चालेल, बैलाच्या किंवा घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी सारखे लटकतील. जिथे गाडीवाट संपते तिथून पुढे जाईल एवढेच हे वजन होते. रेल्वे स्टेशनपासून दहा कोसांवरच्या वाडीत रॉकेल पोचले, याचे श्रेय जितके तेलाला तितकेच या मापाला आहे.

वाटेतले नुकसान मात्र मोठे. न्यूयॉर्कहून शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने चालत. सांधे उकलत, डबे गळत, खोकी फुटत. डबे आणि लाकूड यांचे वजन आणि त्यांनी अडवलेली जागा, या दोन्हींचे भाडे तेलाच्या किमतीत चढे. स्टँडर्डला त्याची फिकीर नव्हती, कारण तोडीचा स्पर्धक नव्हता. कोणी उभा राहिलाच, तर त्या एका बाजारात भाव पाडायचा आणि तोटा दुसऱ्या बाजारातून भरून काढायचा, ही त्यांची ठरलेली चाल.

सॅम्युअल यांचा डाव

रशियन तेल तोवर काळ्या समुद्रापर्यंत येऊन थांबले होते. १८८३ मध्ये बाकूपासून काळ्या समुद्रावरच्या बातुम बंदरापर्यंतची रेल्वे पुरी झाली, युरोपातल्या रॉथ्सचाइल्ड या सावकारी घराण्याने त्यात पैसा घातला आणि बातुमला रॉकेलचे ढीग लागले. त्याला गिऱ्हाईक हवे होते. फ्रेड लेन या दलालाने सॅम्युअल यांना गाठले. १८९० मध्ये सॅम्युअल काळ्या समुद्राकडे जाऊन आले, १८९१ मध्ये रॉथ्सचाइल्डांच्या कंपनीशी सुएझपलीकडे रॉकेल विकण्याचा नऊ वर्षांचा करार झाला.

करारापेक्षा मोठा डाव बोटीचा होता. सुएझ कालव्यातून तेलाचे टँकर जाऊ देत नसत. आग लागली किंवा बोट रुतली तर कालवाच बंद पडेल ही भीती. फोर्टेस्क्यू फ्लॅनरी या अभियंत्याने कालवा कंपनीच्या अटींत बसेल अशी बोट आखली. वेस्ट हार्टलपूलच्या गोदीत ती बांधली गेली, नाव 'म्युरेक्स', म्हणजे एक समुद्री शंख. सुमारे ५,००० टन वाहून नेणारी ही बोट जुलै १८९२ मध्ये निघाली, बातुमला भरली आणि ऑगस्टच्या अखेरीस सुएझमधून पार झाली. रिकाम्या टाक्या वाफेने धुऊन परतीच्या प्रवासात पूर्वेचा माल भरता येईल, अशीही सोय या बोटींत होती. म्हणजे येताना भाडे, जातानाही भाडे. सॅम्युअल यांचे वडील शिंपल्यांच्या पेट्या विकत, म्हणून पुढच्या बोटींनाही कोंच, क्लॅम अशी शंखशिंपल्यांची नावे मिळाली.

स्टँडर्डच्या भाव पाडण्याच्या चालीला एकच उत्तर होते: सगळ्या बाजारांत एकदम उतरायचे, म्हणजे तोटा भरून काढायला त्यांच्याकडे दुसरा बाजारच उरणार नाही. त्यासाठी पुतण्या-भाच्यांच्या फळीतले मार्क अब्राहम्स आशियात टाक्या उभारत फिरले. सिंगापूर शहराजवळ टाकीला परवानगी मिळेना, म्हणून समोरचे पुलाव बुकोम बेट घेतले. हे सगळे शक्य तितके गुपचूप चालले होते.

या आखणीत बोट होती, टाकी होती, रेल्वेचे वाघिणीसारखे टाकीडबे होते, गावागावांतले आडते होते. शेवटच्या टप्प्यासाठी मात्र एकच गृहीतक: लोक आपापली भांडी घेऊन येतील. माझ्या मते ते हवेतले नव्हते. इंग्लंड-अमेरिकेत तसेच चालू होते. स्वतः स्टँडर्ड आपल्या देशात घोड्याच्या टाकीगाड्या फिरवी. गाडी दुकानदाराचे पिंप भरी आणि घरातले पोर तोटीचा छोटा कॅन घेऊन दुकानात जाई. तोटीचे बूच हरवले असेल तर दुकानदार तिच्यात लहानसा बटाटा खुपसून द्यायचा. घर दुकानाजवळ होते, घरात पत्र्याचा कॅन आधीच होता, म्हणून हे जमत होते. आशियातल्या खेड्यातल्या माणसाने मातीच्या घागरीत रॉकेल न्यावे? मडके ते झिरपून टाकते, आणि एकदा वास लागला की ते पाण्याला कायमचे बाद. तांब्या-पितळेचे भांडे कोणी रॉकेलला देणार नाही.

रिकाम्या डब्याचा बाजार

पूर्वेच्या बाजारात निळा डबा रिकामा झाला की त्याचा दुसरा धंदा सुरू होई. तो कापून, ठोकून, सपाट करून घरांवर छपरे पडली. त्याचे पिंजरे झाले, शेगड्या झाल्या, चहाच्या गाळण्या झाल्या, अफूच्या वाट्या झाल्या. आपल्याकडची यादी तर कुणालाही पाठ असेल. वरचा पत्रा कापून आडवा लाकडी दांडा ठोकला की पाण्याचा डबा. झाकण बसवले की ज्वारी-तांदळाचा, उंदराला दाद न देणारा. लग्नघरी तीन दगडांवर ठेवला की आंघोळीच्या पाण्याचा. तळ गंजला की माती भरून तुळशीचा. आणि गिरणगावापासून गावकुसापर्यंत, उलगडून खिळ्यांनी ठोकलेला पत्रा म्हणजे भिंत.

दुकानदाराच्या हाताकडे बघितले की हिशेब नीट कळतो. डबा उघडताना तो वरचा पत्रा कापत नाही. एका कोपऱ्यात खिळा ठोकून भोक पाडतो, समोरच्या कोपऱ्यात हवेसाठी दुसरे. मग डबा तिरका करून नरसाळ्यातून बाटलीत धार. गरीब गिऱ्हाईक डबाभर तेल घेतच नाही, बाटलीभर घेते, तेही उद्याचा दिवा उद्या बघू म्हणत. तेलाच्या भावात ओढाताण असते, उधारी असते, थोडे सांडते. शेवटी हातात उरतो तो अखंड चौकोनी डबा, आणि तो रोखीत जातो. वरचा पत्रा कापला असता तर ती निवड गिऱ्हाइकाच्या हातून गेली असती: एकाला तो पाण्यासाठी उघडा हवा असतो, दुसऱ्याला गोडेतेलासाठी बंदच. आजही किराणा दुकानातला १५ किलोचा तेलाचा डबा असाच कोपऱ्यातून फुटतो आणि रिकामा झाला की त्याची किंमत ठरलेली असते.

हे ध्यानात घेतले की सॅम्युअल यांच्या आडत्यांची अडचण उघड होते. त्यांनी दुकानदाराला स्वस्त तेल देऊ केले आणि त्याच्या नफ्याचा पक्का भाग काढून घेतला. शिवाय टाकीवरून तेल न्यायला भांडे आणायची जबाबदारी त्याच्यावर टाकली. खेड्यातला विक्रेता असल्या स्वस्ताईला का भुलेल? स्टँडर्डचे तेल महाग असेल, पण त्याबरोबर वाहतुकीचे भांडे, साठवणीचे भांडे आणि विकायला पत्रा असे तिन्ही येत.

जहाजभर पत्रा

सॅम्युअल यांनी इथे वेळ घालवला नाही, हे त्यांचे खरे कर्तृत्व. त्यांनी एक जहाज भाड्याने घेतले, ते कथिली पत्र्याने भरले आणि पूर्वेकडे रवाना केले. आडत्यांना हुकूम गेला: डबे तिथेच बनवा. तिकडून उलट विचारणा झाली की डबे बनवायचे कोणी, कसे, आणि रंग कोणता. रंगाचे उत्तर आले, लाल.

हे ऐकायला सोपे वाटते. करायला पत्रा मापात कापावा लागतो, चार बाजू वाकवून उभा सांधा दुमडावा लागतो, तळ आणि झाकण बसवून प्रत्येक कड डाख लावून झाळावी लागते. सांध्यात सुई शिरेल एवढी फट राहिली तरी रॉकेल रात्रभरात बाहेर येते, कारण ते पाण्याहून फार लवकर झिरपते. मग हवा भरून पाण्यात बुडवायचे, बुडबुडे बघायचे, परत झाळायचे. आशियात पत्राकाम करणारे हात होते, नव्हती ती हजारोंच्या संख्येने एकसारखे डबे काढायची घडी. ती बसवली गेली. अमेरिकेचा डबा अर्धे जग फिरून खरचटलेला, पोचे पडलेला येई. लाल डबा झाळून-रंगवून थेट बाजारात जाई. चकचकीत डबा आवडणारच. पण डब्याला दुसरा जन्म असेल तर पोचा नसलेला पत्रा ही नुसती शोभा राहत नाही, त्याला भाव येतो.

आता गणित. पत्र्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास धरली, तर एका डब्याला लागणाऱ्या सपाट पत्र्याचे आकारमान साधारण एक दशांश लिटर येते. म्हणजे १९ लिटरचा एक डबा जेवढी जागा अडवतो, तेवढ्यात दीडशेच्या आसपास डब्यांचा पत्रा मावतो. समजा बोटीने ४,००० टन रॉकेल आणले. त्याला अडीच ते पावणेतीन लाख डबे लागतील, आणि त्यांचा पत्रा भरेल जेमतेम पावणेतीनशे टन. लाकडी खोकी तर समुद्रावरून गेलीच. तेल बोटीच्या पोटात सुटे, पत्रा गठ्ठ्यांत सपाट, आणि दोघांची गाठ पडणार ती बाजारापासून शक्य तितक्या जवळ. डब्याचा खर्च वाचला नाही. वाचले ते डब्याच्या आकाराचे भाडे.

पत्रा मिळण्याची वेळही बरी होती. जगाला कथिली पत्रा मुख्यतः वेल्समधून जाई. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने परदेशी पत्र्यावर जबर जकात बसवली, ती १८९१ च्या मध्यापासून लागू झाली आणि वेल्सच्या कारखान्यांचे सर्वात मोठे गिऱ्हाईक तुटले. अशा वेळी जहाजभर मागणी घेऊन येणाऱ्याला कोण परत पाठवील? यातली एक गंमत अशी की सुटे तेल सुएझमधून गेले तर डब्यांचा पत्रा खपणार नाही, अशी भीती पत्र्याच्या धंद्याला आधी वाटत होती.

पुढचे थोडक्यात. सॅम्युअल यांचा ताफा वाढत गेला, १८९७ मध्ये 'शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग' कंपनी उभी राहिली, आणि शतक उलटता सुएझमधून जाणाऱ्या तेलात त्यांचाच वाटा सर्वात मोठा होता.

तोच धंदा, परतीचा डबा

याच काळाच्या जरा पुढे इंग्लंडमध्ये मोटारी आल्या. रस्त्यावरचे पंप १९२० च्या सुमारास दिसू लागले. तोवर पेट्रोल मिळे ते २ गॅलनच्या डब्यांत, गॅरेजमध्ये, लोखंडी सामानाच्या दुकानात किंवा गाडीवरून घरपोच. हे डबे जाड पत्र्याचे, वर पितळी फिरकीचे बूच, त्याला सील, आणि अंगावर प्रॅट्स, शेल अशी उठावाची नावे. डबा कंपनीचा, गिऱ्हाइकाने अनामत भरायची, रिकामा परत करून पैसे घ्यायचे. नाव पत्र्यातच उठवलेले असल्यामुळे एकाचा डबा दुसऱ्याने भरणे अवघड.

दोन्हीकडे इंधन डब्यातूनच जात होते, मग एकीकडे डबा परतीचा आणि दुसरीकडे विक्रीचा का? इंग्लंडमध्ये मोटारवाल्याच्या घरी रिकाम्या डब्याचा उपयोग नव्हता आणि गाडी पुन्हा त्याच दारी येणार होती. डबा परत नेणे स्वस्त. साताऱ्याच्या पलीकडच्या घाटातल्या गावाहून रिकामा डबा मुंबईला परत आणायचा तर त्यात हवाच वाहावी लागणार, आणि गावात त्याला तेलाच्या तोडीची मागणी. तिथे डबा सोडून देणे शहाणपणाचे. आज जुने डबे जमवणाऱ्यांना विलायती २ गॅलनचे डबे सहज सापडतात आणि पूर्वेचे लाल-निळे डबे क्वचित, त्याचे कारणही हेच असावे. एक परत जात राहिला म्हणून टिकला, दुसरा शेवटच्या गंजापर्यंत वापरला गेला.

पातळ पत्र्याला मर्यादा होतीच. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश सैन्याने त्याच घराण्याचा ४ ब्रिटिश गॅलनचा डबा पेट्रोलसाठी वापरला. वाळवंटात लॉरीच्या धक्क्यांनी सांधे फुटून पेट्रोल वाहून जाई. सैनिकांनी त्याचे नावच 'फ्लिम्झी', म्हणजे तकलादू, असे पाडले आणि जर्मनांचे दणकट जेरीकॅन हाती लागतील तेव्हा ते उचलू लागले. रिकामी फ्लिम्झी मात्र अर्धी कापून, वाळूत पेट्रोल ओतून, चहाची चूल म्हणून झकास चाले.

भारतात

सॅम्युअल यांनी दाखवलेल्या वाटेचे पुढचे पाऊल इथे पडले. रॉकेलच्या डब्यांना पत्रा लागतो आणि तो बाहेरून आणावा लागतो, हे बर्मा ऑइलला परवडेना. १९२० मध्ये बर्मा ऑइल आणि टाटा स्टील यांनी मिळून टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया काढली; जमशेदपूरजवळ गोलमुरीच्या कारखान्यातून १९२२ च्या अखेरीस पत्रा निघू लागला. तेल विकणाऱ्याने डब्यासाठी पोलादवाल्याशी भागीदारी करावी, यावरून डब्याचे वजन कळते. १९२८ मध्ये बर्मा ऑइल आणि शेल यांचा भारतातला विक्रीव्यवसाय एक होऊन बर्मा-शेल झाली. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आजची भारत पेट्रोलियम ती हीच.

डब्याची सद्दी शहरात हळूहळू ओसरली. ढकलगाडीवर आडवे पिंप, त्याला नळ, बाजूला लांब दांड्याचे माप लटकवलेले, अशी रॉकेलची गाडी गल्लोगल्ली येऊ लागली. पुढे रेशनच्या व्यवस्थेत याचीच उतरंड झाली: घाऊक, अर्धघाऊक, किरकोळ, आणि सर्वात खाली हॉकर, ज्याच्याकडे फिरून विकायचा परवाना. घराघरांतून लोक कॅन घेऊन खाली उतरत, कार्डावर नोंद होई, माप ओतताना फेस धरला की भांडण होई. टाकीवरून सुटे तेल आणि भांडे गिऱ्हाइकाचे: सॅम्युअल यांनी १८९२ मध्ये गृहीत धरलेली रीत ही अशी दोन पिढ्या उशिरा आली. तोवर घरोघरी कॅन झाले होते, गाडी दाराशी येत होती, आणि रेशनच्या तेलासाठी दुसरे दुकान निवडायची मुभा गिऱ्हाइकाला उरली नव्हती.